डावा दोरा

मळेकर सर वर्षातून एकदा, दिवाळीची सुट्टी संपली की येणाऱ्या रविवारी, स्टीलचा डबा घेऊन भोरच्या बाजारातल्या मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहत. डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटने 'स्वर' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं. आठवीला ध्वनीचा पाठ आला की सरांना बोकडाचं स्वरयंत्र लागे, आणि ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागे, कारण सुरी नेमकी तिथूनच फिरते. दुकानदार मामा दर वर्षी विचारत, "सर, बोलका देऊ का मुका?" सर दर वर्षी सांगत, "अख्खा द्या. बोलका मी करतो."

मी त्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, त्याच वर्षी तो डबा माझ्या टेबलावर आला. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. सरांनी झाकण उघडलं आणि मी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. सर म्हणाले, "बाई, खायचं न्हाई. ऐकायचंय."

प्रयोग असा होता. जीपची जुनी ट्यूब पंपाने फुगवून ठेवायची. तिच्या तोंडाला रबरी नळी, नळीवर चिमटा. नळीचं दुसरं टोक बोकडाच्या श्वासनलिकेत घालून आवळायचं. वर ते स्वरयंत्र, पुढून ढालीसारखं, दाबलं तर आपल्या कानासारखं वाकणारं. आत डोकावलं की दोन फिकट कडा दिसत आणि मधे फट. त्या कडा म्हणजे स्वरतंतू. मागच्या बाजूला हरभऱ्याएवढ्या दोन कूर्चा असतात, त्यांत सर सुईने एकेक तांबडा दोरा ओवत. दोरे ओढले की दोन्ही तंतू मधे येऊन भेटत, सोडले की लांब होत.

"आधी दोरे सैल," सर म्हणत आणि चिमटा काढत. नुसती हवा, फुस्स. "हा श्वास झाला. आता ओढा."

उजवा दोरा सरांकडे, डावा माझ्याकडे. दोन्ही एकदम ओढायचे. वाट अरुंद झाली की हवा तंतूंना ढकलून बाहेर पडते, ते पुन्हा मिटतात, ती पुन्हा ढकलते. ही उघडझाप एका सेकंदात शंभरदा आणि त्याहून जास्त होते, आणि तिलाच आपण आवाज म्हणतो. मेलेला बोकड सत्तर पोरांसमोर खणखणीत ओरडायचा. पोरं बाकांवर चढायची. पहिल्या वर्षी मी डोळे मिटून दोरा ओढला होता. दुसऱ्या वर्षी एक डोळा उघडा ठेवला. तिसऱ्या वर्षापासून मी दुसऱ्या कुणाला डावा दोरा धरू दिला नाही.

सर वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीचे. घरं ओढ्याच्या दोन्ही अंगांना आणि मधे खोल घळ. पलीकडच्या चुलत्याला निरोप द्यायचा तर घळ उतरून चढण्यापेक्षा हाक मारणं सोपं, म्हणून आमच्या सगळ्या भावकीचा आवाज मोठा, असं ते सांगत. इतकी वर्षं भोरमध्ये राहून त्यांची भाषा पुस्तकी झाली होती, पण चेष्टा करायची किंवा रागवायचं झालं की वाडी बाहेर येई. पंधरा ऑगस्टला शिपाई माइकची वायर शोधत असे, तोवर सरांचं 'सावधान' नदीपलीकडे पोचलेलं असे.

माझं आणि त्यांचं जमलं ते माझ्या वह्यांमुळे. मी सगळ्या कामांची यादी करते. झालं की बरोबरची खूण, नाही झालं तर पुढची तारीख. सर मला यादीबाई म्हणत. "काय वो यादीबाई, आज जेवायचं लिवलंय का राहिलं?" असं विचारत ते माझ्या डब्यातली चटणी उचलत.

एकदा प्रयोगशाळेतला नळ कोरडा पडला. प्लंबरने वॉशर बदलला, मग नळ बदलला, मग म्हणाला, भिंत फोडावी लागेल. सर गच्चीवर गेले, टाकीच्या तोंडात अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "नळ कोरडा म्हणून नळ बदलू नका. आधी टाकी बघा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. सातवीतला एक मुलगा गणितात सारखा नापास व्हायचा. सगळे त्याला पाढे पाठ करायला लावत होते. सरांनी त्याच्या गावाच्या एसटीची वेळ विचारली. गाडी रोज उशिरा यायची आणि गणिताचा तास पहिला होता. तास बदलला, मुलगा पास झाला. "टाकी बघा," सर मुख्याध्यापकांना म्हणाले.

स्वरयंत्राच्या पाठात सर पुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगत, आणि पोरं तिची वाट बघत असायची. तंतूंना हलवायचा हुकूम मेंदूकडून एका नसेतून येतो. मेंदू डोक्यात, स्वरयंत्र गळ्यात, म्हणजे वाट वीतभर. पण डावी नस गळ्याशी थांबत नाही. ती तशीच खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर चढून गळ्याशी येते. आईच्या पोटात असताना हृदय गळ्यापाशी असतं, ते खाली सरकताना नसेलाही ओढत घेऊन गेलं, म्हणून हा वळसा.

"भोरच्या स्टँडवर उत्रोलीची पाटी लावलेली गाडी लागली," सर सांगत. "उत्रोली किती लांब?"

"हितंच!" पोरं ओरडत.

"पण ह्या गाडीचा ड्रायव्हर येडा हाय. तो आधी कापूरहोळला जातो. हायवेला वळसा घेतो. मग माघारी येऊन उत्रोलीला माणसं उतरवतो. आता सांगा, कापूरहोळला रस्ता बंद झाला तर?"

"उत्रोलीची गाडी येणार न्हाई!" सत्तर जणांचा एक आवाज.

ही गोष्ट मी एकोणीस वेळा ऐकली. सरांनी ती त्याहून जास्त वेळा सांगितली.

जूनमध्ये आमच्या शाळेत सगळ्यांचेच आवाज बसतात. वर्गांवर पत्रा, पत्र्यावर भोरचा पाऊस, आणि समोर सुट्टीवरून आलेली पोरं. ओरडल्याशिवाय शिकवता येत नाही. त्यासाठी स्टाफरूममध्ये एक काचेची बरणी असते. तिच्यात ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि खडीसाखर. ती भरून ठेवणं माझ्या शनिवारच्या यादीत आहे. नागपंचमीच्या सुमाराला आवाज परत येतात, मग बरणी पडून राहते.

त्या वर्षी नागपंचमी झाली, गणपती झाले, तरी बरणी रिकामी होतच होती. सर एकटेच संपवत होते. मी दर शनिवारी भरत होते आणि खूण करत होते. मला त्यात काही खटकलं नाही. उलट काम वेळेवर होतंय याचं समाधान वाटत होतं.

त्यांचा आवाज नुसता बसलेला नव्हता, त्यातून हवा गळत होती. एक वाक्य पुरं करायला ते मधे दोनदा श्वास घेत. पी.टी.चे सर म्हणायचे, "मळेकर सर, कोंबडा गिळला का काय?" सर कुजबुजत, "आवाज रजेवर गेलाय. अर्ज द्यायचा राहिलाय एवढंच." सगळे हसायचे. कुणी हळदीच्या गुळण्या सांगितल्या, कुणी आल्याचा रस. पाणी पिताना त्यांना ठसका लागायला लागला, तेव्हा मी यादीत लिहिलं, 'सरांना पाणी कोमट देणे', आणि रोज दिलं.

'सर – घसा दाखवणे' हेही मी लिहिलं होतं. श्रावणात लिहिलं. सर म्हणाले, गणपतीनंतर. मग म्हणाले, सहामाहीचे पेपर तपासून होऊ द्या. मग, दिवाळीत बघू. प्रत्येक वेळी मी पुढची तारीख टाकली. त्या वहीत ती ओळ चार वेळा आहे, चारही वेळा सुवाच्य अक्षरात. पुढे ढकललेलं काम माझ्याकडे कधी पडून राहत नाही, असं मी लोकांना सांगत असे.

दिवाळीनंतर पाठ आला. डबा आला. सरांनी शिकवण्याऐवजी फळ्यावरच जास्त लिहिलं. मग प्रयोग. ट्यूब फुगवलेली, नळी आवळलेली. उजवा दोरा त्यांनी धरला, डावा मी. चिमटा निघाला, बोकड ओरडला, पोरं बाकांवर चढली.

आणि माझ्या हातातून दोरा निसटला. बोटं ओली होती, दुसरं काही कारण नव्हतं. ट्यूबमधली हवा चालूच होती. सरांच्या बाजूचा तंतू मधे, माझ्या बाजूचा सैल. बोकडाचा आवाज फाटला, त्यातून हवा गळायला लागली, एक जाड, घोगरी, दमलेली कुजबुज वर्गात घुमली.

तिसऱ्या बाकावर साक्षी नावाची मुलगी होती, उत्रोलीची. ती पटकन म्हणाली, "अय्या, सरांचा आवाज!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. सरसुद्धा हसले.

मग ते म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा. धरा." मी धरला. खणखणीत. "सोडा." घोगरा. "धरा." खणखणीत. "सोडा."

चौथ्या वेळी पोरं बाकांवरून खाली उतरली होती. सर माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांचा हात गळ्याकडे गेला नाही. तो डाव्या छातीवर गेला, शर्टाच्या खिशावर, जिथे त्यांची लाल शाई असायची. ते वर्गाकडे वळले आणि उरलेल्या आवाजात म्हणाले, "कापूरहोळला रस्ता बंद झाला तर?"

"उत्रोलीची गाडी येणार न्हाई!" पोरं नेहमीच्या उत्साहात ओरडली.

सरांनी मान हलवली. हात धुतले. पोरांना आकृती काढायला दिली आणि तास संपेपर्यंत बाकांमधून फिरत कुणाची श्वासनलिका वाकडी आली ते दाखवत राहिले. घंटा झाल्यावर माझ्या टेबलाशी आले.

"यादी काढा, बाई. एकच लिवा. छातीचा फोटो."

"छातीचा कशाला सर? घसा..."

"इतकी वर्षं कुणाला शिकवत होतो मी?" ते म्हणाले. "टाकी बघायची राहिली."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर भोरमध्येच एक्स-रे काढला. डावीकडे, धमनीच्या कमानीपाशी, लिंबाएवढी सावली होती. पुढे पुणे. मी फाइल केली, रंगीत खुणा लावल्या, कोणता रिपोर्ट कधी, कोणता डॉक्टर कोणत्या मजल्यावर, सगळं लिहिलं. पहाटेची एसटी, सरांसाठी खिडकी, सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यांच्या पिशवीत घट्ट पेज, कारण पातळ काही घशाखाली नीट उतरत नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला. सरांनी खुणेने विचारलं, मला दिसेल का? त्यांनी पडदा वळवला. आत दोन फिकट कडा होत्या, अगदी डब्यातल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, "ई म्हणा." उजवी कड मधे आली. डावी तशीच पडून राहिली, गाढ झोपलेल्या माणसासारखी. सर टक लावून बघत होते. जन्मभर बोकडाचे दाखवले, आपले आज बघितले, असं काहीसं ते डॉक्टरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घसा निरोगी हाय बघा, बाई. नळाला काहीबी झालेलं न्हाई."

फुफ्फुसातली गाठ नसेच्या वळणावर बसली होती आणि आजूबाजूलाही पसरली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. मी डॉक्टरांना विचारलं, "जूनमध्ये आलो असतो तर?" त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, "आता पुढचं बघू." मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. तिसऱ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी तिन्ही उत्तरं वहीत लिहिली. त्यांच्यापुढे कसली खूण करायची ते मला कळलं नाही.

वहिनी बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या असायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "आवो बाई, बिडीसुदिक कधी ओढली न्हाई ह्यांनी. आन तुमी तर दर आठवड्याला ज्येष्ठमध देत व्हता न्हवं? मग कसं वो झालं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या. टोमणा असता तर सोसला असता.

सलाईनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, वजन गेलं. आवाज आणखी खाली गेला. मग शाळेत एक बाई आल्या, साक्षीची आई. मुख्याध्यापकांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगी घरातनं हलंना. नीट जेवना. म्हंती, म्या सरांच्या आवाजाला हसले म्हणून सरांना झालं. मारलं, समजावलं, काय सुदरंना. तुमीच काय तर करा."

मी हे सरांना सांगायला नको होतं. पण मी काही लपवू शकत नाही, माझ्या तोंडून यादीसारखं सगळं बाहेर येतं. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"मी जाऊन तिला सांगते," मी म्हणाले. "नाहीतर तुम्ही चिठ्ठी लिहा."

"चिठ्ठीनं व्हणार न्हाई." एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले. "मी जातो."

"मग चला, रिक्षा सांगते."

त्यांनी नको अशी मान हलवली. "ह्या आवाजात? ह्याच आवाजाला घाबरलीय ती. त्योच पुन्हा ऐकवू का तिला?"

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी एक गोष्ट सुचवली होती. झोपलेल्या तंतूत इंजेक्शनने भराव घालायचा. तंतू फुगतो आणि मधे सरकतो, मग उजवा येऊन त्याला भेटू शकतो. आवाज परत येतो, काही महिने टिकतो. आजाराला त्याचा काही उपयोग नाही. वहिनी तेव्हा नको म्हणाल्या होत्या, आता आणखी एक सुई कशाला? सरही नको म्हणाले होते. त्या संध्याकाळी त्यांनी माझी वही मागितली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'इंजेक्शन. लवकर.'

लवकर झालं नाही. पहिल्या तारखेला रक्तातल्या पेशी कमी निघाल्या. दुसऱ्या तारखेला ताप होता. तिसऱ्या वेळी आम्ही पोचलो तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आज गर्दी आहे, पुढची तारीख घ्या." मी वही उघडली होती, पेनाचं टोपण काढलं होतं. आणि मला ती चार वेळा लिहिलेली ओळ आठवली. मी टोपण लावलं.

"मी पुढची तारीख लिहिणार नाही," मी म्हणाले.

"अहो मॅडम, पण..."

"लिहिणार नाही. आज सगळ्यात शेवटी घ्या, आम्ही बसतो. पण तारीख लिहिणार नाही." माझा आवाज एवढा चढला की मागची रांग गप्प झाली. वहिनी माझा पदर ओढत होत्या. मला कधी कुणी असं बोलताना पाहिलं नव्हतं, मीही नाही. सर चाकांच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते आणि हसत होते. दुपारी चारला त्यांना आत घेतलं.

बाहेर आल्यावर ते काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी भोरला, घरी, चहाच्या वेळी म्हणाले, "काय वो यादीबाई." आवाज पातळ होता, पूर्वीच्या निम्मासुद्धा नव्हता. पण गळत नव्हता. वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आत जाऊन रडल्या.

रविवारी आम्ही रिक्षाने उत्रोलीला गेलो. भात कधीच निघालं होतं, खाचरांत वाळकी धसकटं होती. साक्षी घराच्या ओट्यावर बसली होती. सरांना बघून ती उठून आत पळणार होती, पण तिच्या आईने दंड धरला. सर डोक्याला मफलर गुंडाळून उतरले आणि ओट्याच्या पायरीवर बसले. जरा दम खाल्ला.

"साक्षे," ते म्हणाले.

तिने मान वर केली. "सर, आवाज आला तुमचा?"

"आलाय. सुट्टीवर आलाय, म्हणून पहिला तुझ्याकडं घेऊन आलो." ते थांबले, श्वास घेतला. "आता नीट ऐक. जूनपासून माझा आवाज सगळी शाळा ऐकत व्हती. बारा मास्तर. ह्या बाई. घरात बायको. मी सवता. कुणाला काय कळलं न्हाई. वळखला कुणी? तू."

"पण म्या हसले सर."

"मग? मेलेला बोकड बोलतोय म्हटल्यावर रडणार व्हतीस का? मी बी हसलो. ह्या बाई तर सगळ्यात मोठ्यानं हसल्या, इचार त्यांना."

"हसले होते," मी म्हणाले.

"तू बोललीस म्हणून मला कळलं, कुठं बघायचं ते. तुझ्यामुळं झालं न्हाई. तुझ्यामुळं सापडलं." त्यांना पुन्हा थांबावं लागलं. "उद्या शाळंत ये. कापूरहोळचा रस्ता काय माझ्या हातात न्हाई. पण उत्रोलीची गाडी उत्रोलीतनं तर येळेवर सुटू दे."

साक्षीला रडू आणि हसू एकदम आलं. तिच्या आईने चहा आणला. सरांना पातळ चहा चालत नव्हता, तरी त्यांनी घोट घोट घेतला, आणि ठसका लागला नाही.

परत येताना रिक्षात मी विचारलं. चौथ्यांदा, आणि शेवटचं. "सर, मी श्रावणातच तुम्हाला ओढून नेलं असतं तर?"

ते बाहेर बघत होते. "म्हाईत न्हाई, बाई."

मी वाट बघत होते की ते पुढे काही म्हणतील. सगळे म्हणतात ते, तुमची काय चूक, नशिबात होतं.

"तुमची सुटका माझ्याकडं न्हाई," ते म्हणाले. "मलाच मिळाली न्हाई, तर तुमाला कुठनं देऊ? कापूरहोळ मी शिकवत व्हतो, तुमी न्हाई." मग बऱ्याच वेळाने, पूल ओलांडल्यावर, "बरणी काढू नका पण. पोरं शिकवणाऱ्यांना लागती ती. फकस्त इचारत जावा, कधीपास्नं."

साक्षी सोमवारी शाळेत आली. सर पुन्हा आले नाहीत. आवाज टिकला, पण हवा कमी पडायला लागली. शेवटच्या आठवड्यात तंतू दोन्ही जागेवर होते आणि त्यांना हलवायला श्वास पुरत नव्हता. ते नुसते ओठ हलवत आणि मी ओळखत असे: पाणी, उशी, खिडकी. एका दुपारी त्यांनी ओठांनी काही म्हटलं ते मला ओळखता आलं नाही. मी तीनदा विचारलं. त्यांनी हात उचलून नको, राहू दे, अशी खूण केली. शाळा सुरू व्हायच्या आधी, वैशाखात, ते गेले. ते काय म्हणाले होते, याचा मी अजून विचार करते.

बरणी आहे. तिच्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: 'नागपंचमीला रिकामी करणे. त्यानंतर कुणाला लागली तर छातीचा फोटो.' स्टाफरूममध्ये कुणाचा घसा घोगरा वाटला की मी विचारते, कधीपासून? एसटीत कंडक्टरला विचारते. भाजीवालीला विचारते. लोक वैतागतात. पी.टी.च्या सरांना मी हाताला धरून नेलं, त्यांचा घसा नुसता सर्दीचा निघाला, आणि ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. चालेल.

सरांच्या जागी नवीन शिक्षक आले. ते तरुण आहेत, मेहनती आहेत. दिवाळीनंतर म्हणाले, "बाई, स्वरयंत्राचा व्हिडिओ चांगला मिळालाय, तो दाखवू." मी म्हटलं, दाखवा, पण आधी अर्धा तास मला द्या. शनिवारी मी दुकानात सांगून आले, आणि रविवारी डबा घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्या घरच्यांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते, ते सोडा. मामांनी डबा ओळखला. त्या वर्षी त्यांनी विनोद केला नाही. अख्खं, नीट, वरून-खालून राखून काढलेलं, पानात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि म्हणाले, "जपून न्या."

वर्गात मी ट्यूब फुगवली, नळी आवळली, सुईने दोरे ओवले. साक्षी आता नववीत होती. तिने तिचा तास बुडवला आणि न विचारता येऊन उजवा दोरा धरला. डावा माझ्याकडे. चिमटा काढला, दोघींनी ओढलं, बोकड खणखणीत ओरडला, पोरं बाकांवर चढली.

मग मी डावा दोरा सोडला.

पोरं हसली. त्यांनी तो आवाज ओळखला नाही. साक्षीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा दोरा आणखी घट्ट धरला. पुन्हा ओढायचं, खणखणीत करायचं, मग आकृती, मग कापूरहोळ, असं सगळं मी यादीत ओळीने लिहून आणलं होतं. मी त्यातलं काही केलं नाही. ट्यूबमधली हवा संपेपर्यंत मी दोरा तसाच सोडून ठेवला आणि ऐकत राहिले.